सात मुलांचा एक वाढदिवस

पेटीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या शाळेच्या नकाशांच्या खोलीत जमिनीवर बसून टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सारत होत्या. मी खडू घ्यायला आत गेले होते. मला वाटलं, दुरुस्तीच्या कामाला कोणीतरी बाई आली असेल. त्यांनी टेबलाच्या कडेवर दोन बोटं दाबली, टेबल डुगडुगलं, त्यांनी कागदाला आणखी एक घडी घातली आणि पुन्हा दाबून पाहिलं. असं तीनदा. मग वर न बघताच म्हणाल्या, "बाई, भिंतीवरचं घड्याळ काढायला तुमच्याकडे कोणी उंच माणूस आहे का?"

"बंद आहे ते," मी म्हणाले.

"म्हणूनच. काटा हलत का नाही, हे बघत मुलं बसून राहतात."

त्या शिक्षण कचेरीतून आल्या होत्या. गावाच्या पलीकडच्या टोकाला एका मोठ्या शाळेत कचेरीने 'विशेष वर्ग' सुरू केला होता. दुसरीतल्या मुलांमधून हुशार मुलं निवडायची आणि तिसरीपासून त्यांना तिथे वेगळं शिकवायचं, अशी योजना. साऱ्या गावासाठी जागा वीस. आधी वर्गशिक्षिकेने नावं सुचवायची, मग या बाईंनी एकेका मुलाला एकट्याने समोर बसवून तासभर तपासायचं. एकशे तीस किंवा वर गुण आले तर मूल तिकडे, एकशे एकोणतीस आले तर आहे तिथेच.

त्यांच्याकडे दोन खिट्ट्यांची तपकिरी पेटी होती. तिच्यात लाल-पांढरे लाकडी ठोकळे, चित्रांच्या पट्ट्या, थांबघड्याळ आणि टोक केलेल्या सहा पेन्सिली. मुलांनी पहिल्याच वर्षी त्यांचं नाव पेटीबाई ठेवलं. तोंडावर आम्ही त्यांना ताई म्हणत असू, पण शिक्षकांच्या खोलीतसुद्धा नाव तेच झालं. त्यांना ते माहीत होतं. एकदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, चुकून समोरच "या पेटीबाई" म्हटलं आणि जीभ चावली. त्या म्हणाल्या, "असू दे हो. पेटी नसती तर नुसती बाईच राहिले असते."

मुलासमोर त्या मुलाच्याच मापाच्या खुर्चीवर बसत. उंच, हाडापेराच्या बाई, आणि खुर्ची वीतभर. आमचा कारकून म्हणायचा, "ताई बसल्या की घडीच्या छत्रीसारख्या दिसतात." पण मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आपले डोळे आले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. प्रत्येक मुलाला तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. मुलाने बरोबर सांगितलं तरी "बरं", चूक सांगितलं तरी "बरं". बाहेर आलेलं एक पोर मला म्हणालं, "बाई चांगल्या आहेत, पण कश्शालाच शाबास म्हणत नाहीत. मी शिंकलो तेव्हा पण बरंच म्हणाल्या."

दुसऱ्या वर्षी एका डॉक्टरांचा मुलगा आला. पेटी उघडायच्या आतच तो घडाघडा बोलू लागला, "आधी दोन लाल वर, मग अर्धे-अर्धे खाली, मग घोड्याचं शेपूट नाही, मग छत्रीची काडी नाही." कुठून तरी सगळी चित्रं मिळवून घरी घोटून घेतलं होतं. ताईंनी ऐकून घेतलं, पेटीच्या खिट्ट्या पुन्हा लावल्या आणि म्हणाल्या, "तुला हे येतं, मग आपण दुसरं बोलू. तुला काय येत नाही?" पोराने बराच विचार केला आणि रडवेला होऊन सांगितलं, "सायकल." त्या दिवशी त्यांनी कागदावर एकच ओळ लिहिली: चाचणी झाली नाही. डॉक्टरांनी कचेरीत तक्रार केली. ओळ काही बदलली नाही.

असं एका रेषेत चालणारं माणूस घरी कसं असेल, याची मला उत्सुकता होती. एकदा शाळेत विसरलेलं थांबघड्याळ पोचवायला मी त्यांच्या घरी गेले. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून शिलाई यंत्राचा आवाज येत होता. घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, विधुर. जगमित्र माणूस. मी दारात पोचले तेव्हा ताई टेबलाच्या एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ठोकळे.

"आता मी तुम्हांला काही चित्रं दाखवणार आहे," ताई वाचत होत्या. "प्रत्येक चित्रात एक महत्त्वाची गोष्ट नाही. कोणती ते मला सांगा."

"या चित्रात चहा नाही," दादा म्हणाले.

"दादा."

"बरं, साखर नाही. या, या बाई, आत या! तुम्हीच बघा. दहा वर्षं ही परीक्षा देतोय मी. दरवर्षी हंगामापूर्वी बसवते मला. सारखा नापास."

"तुला पास करायला नाही बसवत," ताई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "आवाज तपासते. वर्षभरात माणसाचा आवाज बदलतो, त्याला कळत नाही. एखाद्या शब्दावर जोर पडायला लागतो. मुलं त्या जोरावरून उत्तर ओळखतात."

दादा म्हणाले, "लहानपणापासून अशीच. आईने 'थोडं मीठ घाल' म्हटलं की विचारायची, किती दाणे?"

मी हसले. ताईंनी ठोकळे मोजून पेटीत ठेवले. नऊ होते. पुन्हा मोजले.

आता त्या वर्षाकडे येते, ज्यामुळे मी हे लिहायला बसले.

त्या साली ताई चाचणीच्या आठवडाभर आधी आल्या आणि माझ्याकडून नुसती यादी न घेता सबंध वर्गाचा नकाशा मागितला. कोणता बाक कुठे, कोणत्या बाकावर कोण बसतं, आणि प्रत्येक नावापुढे रजिस्टरातली जन्मतारीख. मला ते नसतं काम वाटलं, पण करून दिलं. त्यांनी माझ्या यादीतल्या सहा नावांवर पेन्सिलीने बारीक टिंबं दिली आणि कागद माझ्यापुढे फिरवला. सहाच्या सहा टिंबं पहिल्या दोन बाकांवर, खिडकीच्या बाजूला. माझं टेबल तिथेच होतं.

"हुशार मुलं पुढे बसतात," मी म्हणाले.

"किंवा पुढे बसलेली हुशार दिसतात. अक्षर सुरेख, डबा वेळेवर, हात वर." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माहिती सांगावी तसं सांगत होत्या. "तुमच्या वर्गातून आणखी एकाला मी तपासू शकते. मागच्या बाकांवरचं कोणी?"

"मागे तसं कोणी नाही."

"मग असं विचारते. वर्गात कोणी काही विचारायला लागलं की तुम्हांला घड्याळाकडे बघावंसं वाटतं, असं कोण आहे?"

माझ्या तोंडून ताबडतोब निघालं, "किल्ली!"

किल्ली म्हणजे कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याची मुलगी. शेवटचा बाक, भिंतीकडची जागा. शाळेत यायची उशिरा, वही अर्धी, जोडाक्षरं दोन पायांवर उभी न राहणारी. वर्गात ती सर्वांत लहानखुरी होती. तिचे प्रश्न म्हणजे डोक्याला ताप. "बाई, हजेरीत मी तेविसावी. बाविसावा गाव सोडून गेला तर मी बाविसावी होणार. मग तेविसावी कोण? आणि तिला आधीपासून माहीत असतं का?" एकदा चारचौघांत म्हणाली, "बाई, तुमच्या कपाटाची आणि मोठ्या बाईंच्या कपाटाची किल्ली एकच आहे. मी दात बघितले." मी तिला गप्प बसवलं. संध्याकाळी सहज म्हणून माझी किल्ली मोठ्या बाईंच्या कपाटाला लावली, तर उघडलं की हो! मोठ्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी कुलूप बदललं. ते बदलायला आला तो किल्लीचा बापच.

एवढं होऊनही तिचं नाव मला यादीत घालावंसं वाटलं नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. मला ती आगाऊ वाटायची, हुशार नाही.

किल्लीची चाचणी सव्वा तास चालली. ताईंची परवानगी घेऊन मी खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, तिच्या पाठीमागे बसले होते. चित्रं, कोडी, गोष्टीतला क्रम, यांत पोर सुसाट होतं. पण ठोकळ्यांपाशी अडलं. नमुना समोर ठेवला की ही पहिल्यांदा प्रत्येक ठोकळा उचलायची, सहाही बाजू बघायची, अंगठ्याने कडा चाचपायची, मग दुसरा. सगळे बघून झाल्यावर एकदाच मांडायची आणि अचूक मांडायची. तोवर वेळ संपलेली. नियम असा, की वेळेनंतरच्या उत्तराला शून्य. ताई तिला थांबवत नव्हत्या, पुरतं करू देत होत्या, आणि शून्य लिहीत होत्या.

चौथ्या वेळी त्यांनी, चाचणीतला तो भाग संपल्यावर, विचारलं, "तू आधी सगळे का बघतेस?"

"एकदा कापली की किल्ली परत जोडता येत नाही," किल्ली म्हणाली. "बाबा म्हणतात, तीनदा बघ, एकदा काप."

"बरं," ताई म्हणाल्या.

दुपारी मुलं घरी गेल्यावर त्यांनी बेरीज केली, तक्ता उघडला, पट्टी लावून ओळ धरली. मग कागद माझ्याकडे सरकवला. एकशे अठ्ठावीस.

"दोन गुण!" मी म्हणाले. "ताई, दोनच."

"हो. दोन."

"ठोकळ्यांतलं एखादं चार सेकंद आधी झालं असतं तर? थांबघड्याळ तुमच्या हातात होतं. बघायला कोण होतं? मी. मी काही बोलणार नाही. आणि लिहिलंयसुद्धा पेन्सिलीनेच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "पेन्सिलीने लिहिते म्हणून तर जास्त जपावं लागतं, बाई."

मला त्यांचा संताप आला. मागच्या बाकावरची मुलगी मलाच शोधायला लावली, तिचं डोकं मला उघड्या डोळ्यांनी दाखवलं, आणि आता दोन गुणांसाठी तिला परत भिंतीकडे ढकलायचं? मी बरंच काही बोलले. तुम्हांला माणसं कळत नाहीत, तक्ते कळतात, असंसुद्धा बोलले. त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी वर्गाचा तो नकाशा पेटीतून काढला.

"तुमच्या वर्गातली सात मुलं एकाच दिवशी जन्मली आहेत," त्या म्हणाल्या. "ही पहिलीत आली त्या साली शाळा उघडली, त्याच्या बरोबर सहा वर्षं आधी, आदल्या दिवशी. शेजारी प्रसूतिगृह आहे का?"

मी टेबलावरच्या पेन्सिली गोळा करू लागले.

"त्यांत किल्ली आहे. तिला मी पहिलाच प्रश्न विचारला, वाढदिवस कधी. ती म्हणाली, थंडी संपता संपता. रजिस्टर म्हणतं उन्हाळ्यात. दोघांपैकी एक चुकतंय, आणि त्या वयाची मुलगी बाकी कशातही चुकेल, वाढदिवसात नाही. बाई, हा तक्ता वयाचा आहे. साडेसात वर्षांच्या मुलीने एवढं केलं तर एकशे अठ्ठावीस. तेवढंच तिच्याहून आठ महिन्यांनी लहान मुलीने केलं, तर आकडा दुसरा. दोन गुण मी वाढवणार नाही. पण तारीख चुकली असेल तर ती मला दुरुस्त करावी लागेल. कोणी लिहिली ही तारीख?"

"कारकुनाची चूक असेल," मी म्हणाले.

लिहिली होती मीच. दीड वर्षापूर्वी प्रवेशाच्या टेबलावर मी बसले होते. नियम होता, शाळा उघडेल त्या दिवशी सहा वर्षं पूर्ण हवीत. किल्लीवाला मुलीला घेऊन आला. जन्मदाखला बरोबर होता आणि त्याप्रमाणे सहाला आठ महिने कमी होते. त्याची बायको इस्पितळाच्या धोबीखान्यात पहाटेपासून कामाला जायची. पोरगी दिवसभर बापाच्या टेबलाखाली बसून असायची. "बाई, कानस मारली की लोखंडाचा कीस उडतो. परवा डोळ्यात गेला हिच्या," तो म्हणाला. मी दाखला त्याला परत दिला. "हा घरीच राहू द्या," म्हणाले, आणि रजिस्टरात बसेल ती तारीख घातली. दरवर्षी पाच-सात मुलांसाठी मी हे करत असे. इतर शिक्षकही करत. आमच्यात त्याला कोणी खोटं म्हणत नव्हतं, 'बसवून घेणं' म्हणत. मला त्या कामाचा अभिमानसुद्धा होता.

आणि आता नकाशाकडे बघताना मला दिसलं ते असं, की त्या सातही जणांची नावं मागच्या बाकांवर होती. त्यांतलं एकही मूल माझ्या यादीत कधी आलं नव्हतं. मीच त्यांना कागदावर मोठं केलं होतं, आणि मग वयाच्या मानाने ही मागे आहेत, असं दीड वर्ष म्हणत आले होते.

ताईंनी पेटी उचलली. "किल्लीवाल्यांना विचारून बघते. शनिवारी याद्या जातात." आणि निघाल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले. काय करायला जातेय ते माझं मलाच माहीत नव्हतं.

कोपऱ्यावर पत्र्याचं छत, त्याखाली टेबल, टेबलाला पकड, आणि मागे खिळ्यांवर शेकडो कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. किल्लीवाला एक किल्ली कानशीने घासत होता. किल्ली शेजारी उलट्या डब्यावर बसून घासलेल्या किल्ल्यांवर फुंकर मारत होती. आम्हा दोघींना एकदम बघून तो उभाच राहिला.

"काय केलं हिने? पुन्हा कोणाचं कपाट?"

"काही नाही केलं," ताई म्हणाल्या. "हिची जन्मतारीख हवी होती. खरी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग कानस खाली ठेवली आणि हात पॅंटला पुसले. "रजिस्टरात आहे तीच. म्हणजे... चुकीची असेल तर मीच सांगितली असेल. बाईंचा काही संबंध नाही. मी अडाणी माणूस, तारखांचा घोळ होतो माझा."

"बाबा, तुमचा कुठे घोळ होतो?" किल्ली म्हणाली. "तुम्ही तर सांगता—"

"तू फुंकर मार."

मला समजलं, तो मला वाचवतोय. आणि हेही समजलं, की बापाने खोटी तारीख सांगितली असं कागदावर आलं तर कचेरी प्रवेशच रद्द करील. विशेष वर्ग राहिला बाजूला, पोर शाळेतूनच जाईल. त्यालाही ते कळत असणार. तरी एकदा उपकार केलेल्या बाईचं नाव त्याच्या तोंडून येईना.

"दाखला यांनी आणला होता," मी म्हणाले. "मी परत दिला. तारीख मी घातली. मघाशी कारकुनाची चूक म्हणाले, तेही खोटं."

ताई म्हणाल्या, "बरं."

अकरा वर्षं मुलं तो शब्द ऐकत होती. त्यांना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. शाबासकी नाही, रागही नाही. पण लिहून घेतलं गेलं आहे, एवढं नक्की.

दाखला घरच्या पत्र्याच्या पेटीत होता. किल्ली पळत जाऊन घेऊन आली. शुक्रवारी मी मोठ्या बाईंपुढे अर्ज ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "हात दाखवून अवलक्षण कशाला, बाई? एक तारीख बदलली की सात बदलतील. सात बदलल्या की मागची दहा वर्षं उकरतील. सगळ्या शाळेला हे भोवेल."

"मला आधी भोवेल," मी म्हणाले. "सही माझी आहे."

त्यांनी बराच वेळ अर्ज वाचल्यासारखं केलं. मग शिक्का मारला, पण माझ्याशी दोन महिने फक्त कामापुरतं बोलल्या.

शनिवारी कचेरीत ताई आणि मी दोघी साहेबांसमोर उभ्या होतो. साहेब स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांना शनिवारी दुपारी भानगड नको होती. नव्या वयाप्रमाणे किल्लीचे गुण एकशे पस्तीस झाले होते. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"पण मग ही दुसरीत आलीच कशी? वय कमी असताना पहिलीत घेतली, हाच नियमभंग. खरं तर हिला परत पहिलीत पाठवायला हवं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "पाठवा. फक्त पहिलीत हिला काय शिकवायचं उरलंय, तेवढं लेखी द्या. मी तिच्या कागदाला जोडते."

"तुम्ही नियमाच्या बाई ना? आज तुम्हीच नियम सोडा म्हणता?"

"एकही सोडत नाही. विशेष वर्गाचा नियम दुसरीत शिकणारं मूल म्हणतो. ती दुसरीत शिकते. एकशे तीस म्हणतो. एकशे पस्तीस आहेत. वयाची अट त्यात नाही; तुम्हीच काढला आहे तो नियम, मी चारदा वाचला. चूक प्रवेशाची आहे. ती कोणाची, हे त्यांनी सहीनिशी लिहून दिलंय. शिक्षा द्यायची तर ज्याची चूक त्याला द्या."

म्हणजे मला. त्यांनी ते माझ्याकडे न बघता, माझ्या शेजारी उभं राहून, स्वच्छ शब्दांत सांगितलं. मला हसू आलं, खरंच. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याच्याशी जन्मभर बोलले नसते. ताईंच्या तोंडून ते माझीच बाजू घेतल्यासारखं वाटलं.

माझ्या सेवापुस्तकात ताकीद चढली. ती अजून तिथे आहे. किल्ली तिसरीला गावाच्या पलीकडच्या शाळेत गेली. बाकीच्या सहाही जणांच्या तारखा दुरुस्त झाल्या, आणि त्याच वर्षीच्या फेरतपासणीत त्यांच्यातला आणखी एक जण विशेष वर्गात गेला. ते कोण असेल हे मला कधीही ओळखता आलं नसतं.

माझ्यापुरता विषय तिथे संपला. ताईंचा संपला नाही. त्यांनी मागच्या अकरा वर्षांचे आपले सगळे कागद बाहेर काढले आणि प्रत्येक शाळेत जाऊन खऱ्या तारखा मागायला सुरुवात केली. रविवारी, सुट्टीत, स्वतःच्या वेळेत. साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतःच्याच कामाचे वाभाडे काढताय." त्यांची वरच्या जागेवर बढती व्हायची होती, ती बाजूला पडली आणि पुन्हा कधी पुढे आली नाही. दादा मला म्हणाले, "आता घरात जेवायच्या टेबलावर मुलं पसरलेली असतात. मी ताट मांडीवर घेऊन जेवतो. पण परीक्षा बंद आहे, तेवढंच सुख."

दीड वर्षाने त्यांच्याकडे नऊ नावं निघाली. नऊ मुलं, जी तारखेमुळे थोडक्यात राहिली होती. काही अजून शाळेत होती, काही केव्हाच बाहेर पडलेली. ताई एकेकाच्या घरी जाऊन त्याला त्याचा खरा आकडा सांगून आल्या. एक मुलगा जोड्यांच्या दुकानात कामाला लागला होता. त्याने आधी त्यांना बसवून पायाचं माप घेतलं, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "मला वाटतच होतं. गिऱ्हाईक दारात आलं की मी नंबर सांगतो." आणि मग तो आतल्या खोलीत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. हे सांगताना ताईंचा आवाज पहिल्यांदा मला थोडा वेगळा वाटला.

मी विचारलं, "ताई, आता सांगून काय उपयोग? उलट वाईट वाटणार."

"वाटणार. पण तो आकडा त्याचा आहे. माझ्या कपाटात का पडून राहावा?"

त्या मुलाने नंतर रात्रशाळेत नाव घातलं. नऊजणांपैकी तो एकटाच. बाकीच्यांनी ऐकलं, चहा पाजला, आणि आपापल्या कामाला लागले. एकीच्या आईने तर दारातूनच परत पाठवलं. तेही ताईंनी लिहून ठेवलं.

किल्लीने पुढे जगावेगळं काही केलं नाही. ती पाणीपुरवठा खात्यात आहे, जमिनीखालच्या नळांचे नकाशे करते. तिच्या हाताखालचे लोक म्हणतात, मॅडम फार वेळ घेतात, पण खोदल्यावर नळ तिथेच निघतो.

दादा चार वर्षांपूर्वी गेले. ताई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्याच दोन खोल्यांत राहतात. दरवर्षी प्रवेशाचे दहा दिवस त्या आमच्या जुन्या शाळेत येतात, कचेरीच्या खिडकीपाशी टेबल मांडून बसतात आणि पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचा जन्मदाखला रजिस्टराशी ताडून बघतात. मानधन नाही. चहा दोनदा मिळतो, आणि दुपारी घरी जायला शाळेची रिक्षा.